चाकणला निघालेल्या भाचीला

पोरी, भाऊजी अंजनगावभर सांगत फिरताहेत की लेक विमानाचं इंजिन बनवायला चालली. फिरू दे, बापाचा हक्क आहे तो. तू मात्र भ्रमात राहू नकोस. तुला इंजिन बनवायला बोलावलेलं नाही. इंजिनाच्या एखाद्या भागावरचं एखादं ऑपरेशन शिकायला बोलावलंय, तेही शिकाऊ उमेदवार म्हणून. आणि हे थोडं समजू नकोस. मशिनिस्टचा ट्रेड करून बाहेर पडलेल्या पोरीला आज महाराष्ट्रात याहून बरी सुरुवात दुसरी नाही, असं माझं मत आहे. निघण्याआधी काही गोष्टी कानात घालतो. काही माझ्या लेथवरच्या दिवसांतल्या आहेत, काही निदेशक असताना बाहेर गेलेल्या पोरांनी परत येऊन सांगितलेल्या.

आधी कागदाचं बोलू. आयटीआय आणि कंपन्यांचे करार होतात, साहेबलोक फायली बदलतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. त्या करारात तिसरा पक्ष तू असतेस, आणि नेमका तोच पक्ष न वाचता सही करतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली तुझा करार सरकारी पोर्टलवर नोंदला गेला पाहिजे, त्याला क्रमांक पडला पाहिजे. तो क्रमांक पहिल्याच आठवड्यात मागून घे. ट्रेड कोणता लिहिलाय, मुदत किती, विद्यावेतन किती, हे स्वतः वाच. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. म्हणून बँकेचं खातं आधारला जोडलेलं असू दे, नाहीतर पैसा अडकतो आणि दोष मात्र आपण कंपनीला देत बसतो.

कुणी ठेकेदार गेटबाहेर भेटेल आणि म्हणेल, ‘ट्रेनी म्हणून घेतो, लगेच चल, पैसे जास्त देतो.’ करार क्रमांक नसेल तर ते प्रशिक्षण नव्हे, स्वस्तातली मजुरी आहे. त्याला नमस्कार करून पुढं चालायचं. कायद्यानं शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. याच्या दोन बाजू आहेत. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय तुला ओव्हरटाइमला लावता येत नाही, ही एक. मुदत संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं कंपनीवर बंधन नाही, ही दुसरी. दुसरी बाजू आजच माहीत असली की वर्षाअखेर रडू येत नाही. तुझ्या हाती उरणार ते राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. त्याची परीक्षा असते, तिचा फॉर्म वेळेत भरावा लागतो. कामाच्या धबडग्यात पोरं तो विसरतात आणि वर्षभराचं काम कागदावर शून्य होतं. काही अडलं तर मूलभूत प्रशिक्षण आणि अनुषंगिक सूचना केंद्रात जायचं. आपल्याकडचे लोक त्याला बीटीआरआय म्हणतात. तिथले लोक फोन उचलतात, फक्त विचारणारा पाहिजे.

आता तू कुठं चाललीस ते समजून घे. आमच्या वेळी वऱ्हाडातला टर्नर-फिटर निघाला की अंबाझरी, भंडारा नाहीतर वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची वाट धरायचा. विमान म्हटलं की नाशिकजवळचं ओझर. तिथं एचएएलचा कारखाना १९६४ पासून आहे, मिग-२१ साठी उभा राहिलेला. पण बघ, विमान ओझरला बनायचं आणि त्याचं इंजिन पार ओडिशात कोरापुटला. इंजिनाचा धंदा नेहमी वेगळाच नांदतो, त्याचे धातू वेगळे, मापं वेगळी, माणसं वेगळी. चाकणला तो आला २०१५ मध्ये. जीई एरोस्पेसच्या कारखान्याचं उद्‌घाटन त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पंतप्रधानांच्या हस्ते झालं. तिथले भाग लीप, जीईएनएक्स, जीई९एक्स अशा इंजिनांत बसायला परदेशी जातात. त्यातलं लीप हे एअरबस ए३२० निओ आणि बोईंग ७३७ मॅक्स या विमानांवर असतं. म्हणजे नागपूरहून मुंबईला विमानानं जाणाऱ्या आपल्या एखाद्या सोयाबीनच्या व्यापाऱ्याच्या विमानाच्या पंखाखाली चाकणचा तुकडा असू शकतो. २०२४ मध्ये त्या कारखान्याच्या वाढीसाठी २४० कोटींहून जास्त रुपये जाहीर झाले. सुरुवातीपासून ५,००० हून अधिक जणांना अचूक उत्पादनाचं शिक्षण दिल्याचं कंपनी सांगते. मला त्या कोटींपेक्षा हा आकडा मोठा वाटतो. मशीन पैसे टाकले की येतं, त्यावर उभं राहणारं माणूस घडायला वर्षं जातात. एक कारखाना आला की त्याला भाग पुरवणारे लहान कारखाने भोवती उगवतात. तुझी कंपनी त्यांतलीच. लहान आहे म्हणून नाक मुरडू नकोस, लहान ठिकाणी शिकाऊ पोरीच्या हाती मशीन लवकर येतं.

आता कामाचं. पहिल्या दिवशी तुला ड्रॉइंग मिळेल आणि ते उलटं वाटेल. घाबरू नकोस. आयटीआयमध्ये आपण पहिल्या कोनातलं प्रोजेक्शन शिकवतो, अमेरिकी ड्रॉइंग तिसऱ्या कोनातली असतात. आपल्या पद्धतीत वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात, त्यांच्यात ते वरच असतं. डावंउजवंही तसंच फिरतं. ज्यानं हे पाहिलं नाही तो भोक बरोबर मापाचं पाडतो, पण आरशातल्या बाजूला. म्हणून ड्रॉइंग हाती आलं की आधी खालच्या कोपऱ्यातली चौकट बघायची. कापलेल्या शंकूचं चिन्ह कसं आहे, माप इंचात की मिलिमीटरमध्ये, आवृत्ती कोणती. हे तिन्ही बोट ठेवून वाचल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. इंचाचं तर विचारू नकोस. आपला गावचा मिस्त्री सुतात बोलतो, इंचाला आठ सूत. तिथं थाऊत बोलतील. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे २५.४ मायक्रॉन. हे रूपांतर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. भूमितीय टॉलरन्सच्या चौकटी, म्हणजे पोझिशन, फ्लॅटनेस, रनआउट, आयटीआयमध्ये आपण घाईनं उरकतो. निघायच्या आधी ते प्रकरण पुन्हा वाच.

मापाबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचंय, कारण आपल्या उन्हाळ्याशी त्याचा संबंध आहे. जगभर लांबीचं माप २० अंश सेल्सिअसला धरतात. ड्रॉइंगवर १०० मिलिमीटर लिहिलं असेल तर ते २० अंशांवरचं. पोलाद तापलं की वाढतं. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव तापवून चढवतो आणि ती निवली की आवळते, तेच इथं होतं, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या मापात. १०० मिलिमीटर पोलाद दर अंशाला साधारण १.१५ मायक्रॉन वाढतं. आता अकोल्याचा मे महिना घे, पारा ४५ वर. २५ अंशांचा फरक पडला. तोच तुकडा जवळपास २९ मायक्रॉन लांब भरेल, म्हणजे मिलिमीटरचे तीन शतांश. इंजिनाच्या कित्येक भागांना एवढी सूटच नसते. आपल्या वर्कशॉपमध्ये पत्र्याखाली घेतलेलं माप आणि तिथल्या गार खोलीतलं माप जुळत नाही ते यामुळं. त्यात धातूगणिक हिशेब वेगळा. टायटॅनियम पोलादाहून कमी वाढतं, निकेलचे मिश्रधातू थोडे जास्त.

म्हणून मशीनवरून काढलेला गरम भाग लगेच मापायचा नाही. पुसून सरफेस प्लेटवर ठेवायचा आणि निवू द्यायचा. गेज ब्लॉक मुठीत धरून गप्पा मारायच्या नाहीत, तळहाताच्या उबेनं तो फुगतो. मायक्रोमीटर हातात घेतला की आधी दोन्ही तोंडं स्वच्छ कागदानं पुसायची, मिटवून शून्य बघायचं, मग भाग घ्यायचा, रॅचेट सावकाश फिरवून थांबायचं आणि मग वाचायचं. थिंबल धरून आवळणारा माणूस मला दुरूनही ओळखू येतो, त्याचं प्रत्येक माप त्याच्या मनासारखं निघतं. एकदा वाचलंस की भाग सोडून पुन्हा पकड आणि पुन्हा वाच. दोन्ही वेळा तेच आलं तर लिही. आणि मायक्रोमीटर हातून पडला तर मुकाट्यानं खोक्यात ठेवू नकोस. सांग, तो कॅलिब्रेशनला जाईल. न सांगितलेला पडलेला मायक्रोमीटर महिनाभर खोटं बोलत राहतो.

तिथले धातू मिजासखोर असतात. इन्कोनेलसारख्या निकेलच्या मिश्रधातूवर टूल नुसतं घासलं तर पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि पुढचा कट टूल खाऊन टाकतो. म्हणून फीड चालू ठेवायचं, टूल कामावर उभं करून इकडंतिकडं बघायचं नाही. टायटॅनियम उष्णता फारशी वाहून नेत नाही, ती टूलच्या टोकाशी साचते. त्याच्या बारीक चिप्स पेट घेतात, आणि त्या आगीवर पाणी टाकायचं नसतं. अशा धातूसाठीचा विझवायचा सिलिंडर कुठं टांगलाय ते पहिल्याच दिवशी बघून ठेव. टूल बोथट झाल्याचं आवाज सांगतो. लेथच्या आवाजातला बदल ओळखायला तुला मी लहानपणी शिकवलंय, सीएनसीच्या बंद दाराआडूनही तो ऐकू येतो.

एक गोष्ट तुला ठाऊक असलीच पाहिजे. ६ जुलै १९९६. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या धावपट्टीवर डेल्टा एअरलाइन्सचं एमडी-८८ विमान उड्डाणासाठी धावत होतं. डाव्या इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा टायटॅनियमचा हब फुटला. तुकडे केबिनमध्ये शिरले. एक आई आणि तिचा मुलगा गेले. तपास मागं मागं जात एका भोकापाशी थांबला. हबला टाय-रॉडसाठी भोकं पाडलेली असतात. त्यांतलं एक पाडताना ड्रिल मोडलं किंवा बिघडलं, तिथं कूलंट नीट पोचलं नाही, चिप्स कोंडल्या, धातू भाजला आणि भोकाच्या भिंतीवर कडक थर तयार झाला. त्या थरातून भेग निघाली आणि उड्डाणागणिक वाढत गेली. कारखान्यातल्या तपासणीत त्या भोकात काही खुणा दिसल्या होत्या. पण त्या वेळच्या नमुन्यांप्रमाणं त्या चालण्यासारख्या ठरल्या आणि भाग पास झाला. पुढं देखभालीतल्या पेनिट्रंट तपासणीतही भेग हुकली. आता विचार कर. ड्रिल करणाऱ्याला त्या क्षणी काहीतरी जाणवलंच नसेल का? आवाज बदलला असेल, टूल बदलावं लागलं असेल. मला त्या माणसाला दोष द्यायचा नाही, त्याचं नावही मला ठाऊक नाही. पण ड्रिल मोडलं, कूलंट थांबलं, मशीन मध्येच अडलं, तर तो भाग बाजूला ठेवून लाल टॅग लावायचा आणि लिहायचं, हे मी तुला या भोकाच्या आधारानं सांगतोय.

लिहिण्याचं काम कारकुनाचं समजू नकोस. तिथं भागाबरोबर रूट कार्ड चालतं. कच्चा माल कोणत्या वितळणीतला, कोणत्या मशीनवर, कोणत्या टूलनं, कुणाच्या हातून गेला, सगळं त्यावर. वीस वर्षांनी एखाद्या भागात खोट निघाली तर त्याच वितळणीतले, त्याच मशीनवरचे बाकीचे भाग जगात कुठं उडताहेत ते याच कागदावरून शोधतात. तुला स्वतःचा शिक्का मिळाला तर तो दुसऱ्याला द्यायचा नाही, जेवायला जातानाही नाही. शिफ्ट संपायला आली म्हणून न पाहिलेल्या मापापुढं बरोबरची खूण करायची नाही. आपल्या इकडची एक खोड आहे, ‘त्याले काय होते, चालते नं!’ डाळमिलच्या शाफ्टला खरंच चालते. मीही अकोल्याच्या एमआयडीसीत मिलवाल्यांना रात्रीतून बुशी घासून दिल्या आहेत, सकाळी मिल सुरू झाली, सगळे खूश. तो जुगाड आपल्या लोकांची हुशारी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण इंजिनाच्या भागावर ओरखडा पडला आणि तू पॉलिश पेपरनं तो गुपचूप पुसलास, तर तू हुशार नाहीस, धोकादायक आहेस. ओरखडा सांगितला तर एक फॉर्म भरला जातो, इंजिनिअर बघतो, कधी भाग वाचतोही. लपवलेला ओरखडा सापडला तर माणूस वाचत नाही, आणि ते योग्यच आहे.

अंगावरच्या गोष्टी. अंगठी, कडं, ओढणी, मोकळे केस मशीनजवळ नकोत, हे आयटीआयमध्ये ऐकलंसच. तिथं आणखी एक कारण आहे. जोडणीच्या जागी खिशातलं नाणं, पेनाचं टोपण, तुटलेली बांगडी इंजिनात पडली तर ती आत फिरते. म्हणून हत्यारांचे फळे असतात, प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली. शिफ्ट संपताना एक जागा रिकामी दिसली तर सगळे थांबतात, पाना सापडेपर्यंत. त्या थांबण्यात वेळ गेला म्हणून चिडू नकोस.

ड्रॉइंगचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मैत्रिणीला टाकायचा नाही, मलाही नाही. मी विचारलं तरी नाही. ती मालमत्ता दुसऱ्याची आहे आणि त्यावरून नोकरी जाते.

राहण्याचं फार सांगत नाही. महाराष्ट्र एक्सप्रेस बडनेऱ्याहूनही मिळते, अकोल्याहूनही. चाकणला रेल्वे नाही, पुण्याहून पुढं बसच. खोली दोघी-तिघींनी मिळून घ्या, रात्रपाळीच्या येण्याजाण्याची सोय कंपनीची आहे का ते खोली ठरवण्याआधी विचारा. महिन्याचं विद्यावेतन थोडं असतं, पहिलं वर्ष घरी पैसे पाठवायचा हट्ट धरू नकोस. मी ताईला तसं सांगून ठेवतो.

तुझ्या धाकट्या भावाचंही कानावर आलंय. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, तिथंच एअर इंडियाची वैमानिक शाळाही जाहीर झालीय, तेव्हापासून त्याच्या डोक्यात विमान घुसलंय. शहरात पाट्या लागल्या आहेत, ‘एव्हिएशन डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी’. लाख-दोन लाख मागतात आणि शेवटी काउंटरवर उभं राहण्याचा पोशाख शिवून देतात. त्याला सांग, विमानाच्या देखभालीचा लायसन्सवाला इंजिनिअर व्हायचं तर संस्था डीजीसीएची मान्यताप्राप्त आहे का ते डीजीसीएच्या यादीत स्वतः बघायचं, पाटीवर नाही. आणि घरची ऐपत बघून निर्णय घ्यायचा असेल तर नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये ‘एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, फ्रान्सच्या दासो कंपनीच्या साथीनं सुरू झालेला. नागपूरच्याच मिहानमध्ये दासो आणि रिलायन्सचा कारखाना फाल्कन विमानांचे भाग बनवतो, आणि तिथंच फाल्कन २००० ची पूर्ण जोडणी करायचं २०२५ मध्ये जाहीर झालंय. ते काम विमानाच्या सांगाड्याचं, तुझं इंजिनाचं. दोन्ही चांगली, पण हात वेगळे लागतात. त्याला रिव्हेट मारायला आवडतं की माप घ्यायला, हे त्यानंच ठरवावं.

तू मात्र एका प्रमाणपत्रावर थांबू नकोस. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. अमरावतीचं शासकीय तंत्रनिकेतन १९५५ पासून उभं आहे, ते काही पळून जात नाही. आधी एखादं वर्ष शॉप फ्लोअर बघ, मग डिप्लोमा कर. त्या क्रमानं शिकलेला माणूस पुस्तकातली आकृती बघून हसतो, कारण ती त्यानं कापलेली असते.

आणि दिवाळीला आलीस की एक काम माझं कर. आपल्या आयटीआयमध्ये जा. ड्रॉइंग नेऊ नकोस, तू कुठं अडलीस ते ने. तिसऱ्या कोनात अडलीस, थाऊत अडलीस, की रूट कार्ड भरताना, ते निदेशकांना फळ्यावर लिहून दाखव. कंपनी आणि आयटीआय यांच्यात कागदावर करार कितीही झाले तरी अभ्यासक्रमातलं कोणतं प्रकरण आपण घाईनं उरकतो हे तुझ्यासारख्याच सांगू शकतात. मशिनिस्टच्या दुसऱ्या वर्षाला पोरं बसलेली असतील. त्यांना तासभर दे.